ब्रेस्ट लिफ्ट: कोणी थांबावं आणि कोणी करूच नये

प्रश्न: माझं वय ३३. दुसरं बाळ ११ महिन्यांचं आहे, रात्री अजून अंगावर पितं. बाळंतपणानंतर वजन ८१ किलो होतं, आता ७४ आहे आणि अजून उतरवतेय. स्तन खूप ओघळलेत, आरशासमोर उभं राहवत नाही. फेब्रुवारीत दिराचं लग्न आहे, त्याआधी ब्रेस्ट लिफ्ट करून घ्यावी असं मनात आहे. त्यासाठी बाळाचं दूध तोडायचीही तयारी आहे. घरातले म्हणतात, पाजून पाजूनच असं झालं. मी ही शस्त्रक्रिया करावी का? कोणी करू नये?

उत्तर:

आधी सरळ उत्तर देते, कारणं मागून सांगते. फेब्रुवारीच्या आधी ही शस्त्रक्रिया करू नका, आणि तिच्यासाठी बाळाचं दूध तर मुळीच तोडू नका. ही शस्त्रक्रिया तुमच्यासाठी नाहीच, असं मी म्हणत नाही. वर्षभराने आलात तर बहुधा मीच तारीख देईन. पण आज तुमच्या शरीरात दूध, वजन आणि ताणलेली त्वचा, तिन्ही एकाच वेळी बदलतायत. माप रोज बदलत असताना ब्लाउज कोणी बेतत नाही, तसंच हे आहे.

मी बावीस वर्षं प्लास्टिक सर्जरी करतेय, तीही बरीचशी पश्चिम महाराष्ट्रातल्या बायकांची. लिफ्टसाठी आलेल्या ज्यांना मी परत पाठवलं, त्यांतल्या बहुतेकींना ‘नाही’ नव्हे, ‘आत्ता नाही’ असं सांगितलं. अपेंडिक्स फुटलं तर रात्री दोन वाजता पोट उघडावं लागतं. या शस्त्रक्रियेला तसली घाई कधीच नसते. आणि ती बिघडवणारी बहुतेक कारणं सहा-बारा महिन्यांत दूर करता येतात. म्हणून घाईने केलेली लिफ्ट बिघडली की मला फार वाईट वाटतं. ते टाळता आलं असतं.

आता शस्त्रक्रियेत नेमकं काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढची कारणं आपोआप लक्षात येतील. स्तनात उचलून धरणारा स्नायू नसतो. दुधाच्या ग्रंथी, चरबी, त्यांना बांधून ठेवणारे पातळ तंतू आणि वरून त्वचा, एवढंच. गरोदरपणात आतलं आकारमान वाढतं, त्वचा आणि तंतू ताणतात, नंतर आतलं कमी होतं, पण ताणलेलं पूर्ण आवळत नाही. म्हणून व्यायामाने किंवा तेल चोळून ओघळलेला स्तन वर येत नाही. व्यायामाने मागचा छातीचा स्नायू बळकट होतो, स्तन त्याच्या पुढे असतो. लिफ्टमध्ये आम्ही जास्तीची त्वचा काढतो, आतल्या भागाला नवा आकार देतो आणि स्तनाग्र वरच्या जागी बसवतो. ते कापून वेगळं करून वर चिकटवत नाही. आतल्या भागाच्या एका देठावर ते जिवंत राहतं आणि देठासकट वर सरकतं. फळाचं सगळं देठावर असतं, तसं या शस्त्रक्रियेचं सगळं त्या देठातल्या रक्तपुरवठ्यावर असतं. मी थांबायला सांगते त्यातली निम्मी कारणं या देठाशी येऊन थांबतात.

तुमच्यासाठी पहिली गोष्ट दुधाची. पाजणाऱ्या आईच्या स्तनात नलिका आणि ग्रंथी दुधाने भरलेल्या असतात. अशा स्तनाला चीर दिली तर आत दूध साचून त्याची गाठ होते, जखमेतून दूध झिरपत राहतं, जंतुसंसर्ग होतो. शिवाय स्तन सकाळी एका आकाराचा आणि बाळ प्यायल्यावर दुसऱ्या. मी त्वचा किती काढायची ते कशावरून ठरवू? दूध तोडल्यावरही ग्रंथी आवरायला वेळ घेतात. कमीत कमी तीन महिने तरी जाऊ द्यावेत. मी स्वतः सहा महिने थांबते, आणि त्यानंतरही स्तन हलकेच दाबल्यावर थेंब येतोय का ते बघते. येत असेल तर आणखी थांबायचं. दूध तोडून वर्ष झालं तरी येतच असेल तर प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि थायरॉईडची तपासणी करून घ्यायची.

आणि घरातलं ते ‘पाजून पाजून झालं’. हे ऐकून ऐकून कितीतरी बायका अपराधी मनाने बाळाला लवकर बाटलीवर आणतात. अमेरिकेतल्या केंटकीच्या प्लास्टिक सर्जननी नेमका हाच प्रश्न तपासून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. स्तन ओघळण्याशी अंगावर पाजण्याचा संबंध त्यांना आढळला नाही. संबंध आढळला तो वयाशी, किती वेळा गरोदर राहिलात त्याच्याशी, वजनाशी, गरोदरपणाआधीच्या स्तनांच्या आकाराशी आणि सिगरेटशी. म्हणजे जे व्हायचं ते गरोदरपणातच झालेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही पाजायला सांगते. तुमच्या बाळाची रात्रीची दोन पाजणी बंद केल्याने तुमचे स्तन सुधारणार नाहीत. बाळाचं दूध मात्र जाईल. तुम्हाला आणि बाळाला जमेल तेव्हा दूध सुटू द्या, आणि तिथून पुढे सहा महिने मोजा.

तिसरं मूल हवंय का, हेही आत्ताच नवऱ्याबरोबर मोकळेपणाने बोला. हवं असेल किंवा ‘बघू’ असेल, तर लिफ्ट त्यानंतर. गरोदरपणात त्वचा पुन्हा ताणते आणि केलेलं बरंचसं वाया जातं. लिफ्टनंतर मूल झालं तर काही अनर्थ होत नाही, पण दुधाच्या काही नलिका कापल्या गेल्या असतील तर दूध कमी पडू शकतं. ज्यांचं अजून पहिलंही मूल व्हायचंय आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हावं अशी इच्छा आहे, त्यांना मी हे दोनदा सांगते.

वजनाचं तुम्ही चांगलं चालवलंय, सात किलो उतरवणं सोपं नाही. पण अजून उतरवायचंय म्हणताय, म्हणजे थांबायला दुसरं कारण आहेच. स्तनात चरबीचा वाटा मोठा असतो. शस्त्रक्रियेनंतर वजन दहा किलो उतरलं तर आतला भाग आटतो, त्वचा सैल पडते आणि ओघळ परत येतो. माझ्या एका रुग्णाबाबत हे झालंय. ७८ किलोवर लिफ्ट केली, नंतर उत्साहाने ती चालायला लागली, जेवण सुधारलं आणि वर्षभरात ६५ वर आली. तब्येतीसाठी उत्तम झालं, पण स्तन रिकामे दिसायला लागले. ‘डॉक्टर, आधी वजन उतरवायला हवं होतं का?’ असं तिने विचारलं. उत्तर ‘हो’ होतं, आणि ते मी आधी ठामपणे सांगायला हवं होतं. तेव्हापासून वजन सहा महिने दोन-तीन किलोंच्या आत स्थिर असल्याशिवाय मी तारीख देत नाही.

पोटाची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर एक ते दीड वर्ष थांबावं आणि त्यानंतरही वजन स्थिर झाल्याची खात्री करावी. अशांच्या रक्तात प्रथिनं, लोह, बी-१२ कमी पडलेलं असतं. बाहेरून बाई हलकी, टवटवीत दिसते, पण जखम भरायला लागणारा माल शरीरात नसतो. हल्ली वजनासाठी आठवड्याची इंजेक्शनं घेणाऱ्याही येतात. त्यांच्या बाबतीत वजन अजून खाली जात असतं, आणि शिवाय या औषधांनी पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. रात्रीपासून उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकतं आणि भूल देताना ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. इंजेक्शन घेत असाल तर ते भूलतज्ज्ञांपासून लपवू नका. बऱ्याच जणी लाजून लपवतात.

आता ज्या गोष्टीसाठी मला जीव तोडून सांगावंसं वाटतं तिच्याकडे येते. तंबाखू.

निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. मी वर देठ म्हणाले, त्याच्या टोकाला स्तनाग्रापर्यंत रक्त नेणाऱ्या वाहिन्या केसासारख्या असतात. त्या आकसल्या की टोकाला रक्त पोचत नाही. पुस्तकात सगळीकडे ‘सिगरेट ओढणाऱ्यांनी करू नये’ असं लिहिलेलं असतं, आणि आमच्याकडच्या बायका मान हलवून म्हणतात, ‘आम्ही कुठे सिगरेट ओढतो?’

सुरुवातीच्या वर्षांतली एक बाई मी विसरू शकत नाही. चाळिशीची, शिस्तीची, सगळे रिपोर्ट नीट फाईलला लावून आणलेले. मी विचारलं, ‘तंबाखू, सिगरेट काही?’ ‘छे, आमच्या घरात कोणालाच नाही.’ शस्त्रक्रिया छान झाली. तिसऱ्या दिवशी पट्टी उघडली तर डाव्या स्तनाग्राची खालची कड निळसर काळी होती. बोटाने दाबलं तर रंग बदलेना. पुढचे तीन आठवडे रोज पट्टी, काळी खपली, ती सुटल्यावर खाली पांढरट डाग आणि स्तनाग्राची एक कड कायमची सपाट. त्या दिवसांत एकदा सकाळी लवकर राउंडला गेले, तर ती बेसिनपाशी उभी होती. एका हातात सलाईनची सुई लावलेली, दुसऱ्या हाताचं बोट हिरड्यांवर फिरत होतं. कट्ट्यावर पितळी डबी उघडी. मिशरी.

ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी मिशरी म्हणजे दात घासायची पूड होती. आई लावायची, सासू लावते, सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. पण मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यातलं निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. चूक तिची नव्हती, प्रश्न मी चुकीचा विचारला होता. आता माझ्या केसपेपरवर प्रश्न असा छापलाय: ‘दात कशाने घासता?’ आणि तो सासू किंवा नवरा खोलीत नसताना विचारला जातो.

तेव्हा मिशरी, गुटखा, मावा, जर्दा घातलेलं पान, सिगरेट, हुक्का, व्हेप, यातलं काहीही चालू असेल तर शस्त्रक्रिया नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण पुड्या पर्समधून निघतातच. शस्त्रक्रियेआधी निदान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. मी सहा-सहा मागते. सोडण्यासाठी निकोटीनचं च्युइंगम किंवा पट्टी वापरत असाल तर ते आधीच्या काळासाठी चांगलं आहे, पण त्यातही निकोटीनच असतं. शस्त्रक्रियेच्या आधी तेही थांबायला हवं. शंका असेल तर लघवीची कोटिनिन तपासणी करतो, म्हणजे शरीरात निकोटीन गेलंय का ते कळतं. हा अविश्वास समजू नका. काळी पडलेली कड मी पाहिलीय, म्हणून करते.

दुसरी गोष्ट, जिथे तडजोड नाही: स्तनातली गाठ, एका बाजूच्या स्तनाग्रातून येणारा स्राव (विशेषतः रक्तासारखा), त्वचेवर खळगा, अलीकडे आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, काखेतली गाठ. यातलं काहीही असेल तर लिफ्टचा विषय बाजूला ठेवायचा आणि आधी निदान. ‘दुखत नाही’ म्हणून बायका निर्धास्त राहतात, पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. आपल्या देशात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे, आणि पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे तो सरासरी दहाएक वर्षं आधी गाठतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलने वस्तीतल्या दीड लाख बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष दिले. शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. नुसत्या हाताने! म्हणून माझ्याकडे लिफ्टसाठी आलेली प्रत्येक बाई आधी नीट तपासून घेतली जाते. चाळिशीआधी सोनोग्राफी, चाळिशीनंतर मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे), आणि आई-बहिणीला हा आजार झाला असेल तर त्याहून लवकर. शस्त्रक्रियेनंतर आत व्रण होतात, कधी चरबीचा कडक गोळा होतो, आणि पुढच्या मॅमोग्राफीत ते गोंधळात टाकतात. आधीचं चित्र हातात असलं की तुलना करता येते.

घरात दोन-तीन जणींना लहान वयात स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल तर आधी जनुकीय समुपदेशन करा. त्याचा निकाल येईल त्यावर पुढचा सगळा बेत बदलू शकतो. आणि ज्या स्तनाला रेडिएशन दिलंय, त्याच्या लिफ्टला मी बहुतेक वेळा नाहीच म्हणते. तिथली त्वचा वरून मऊ दिसली तरी तिच्या बारीक रक्तवाहिन्या गेलेल्या असतात, जखम महिनोन्‌महिने भरत नाही. हे खरंखुरं ‘करूच नये’ आहे. त्याच यादीत हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा असा आजार, ज्यात हौसेच्या शस्त्रक्रियेसाठी भूल घेणं जोखमीचं ठरतं. पूर्वी एकदा लिफ्ट किंवा स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर जुने कागद शोधून आणा. आधीचा देठ कुठल्या बाजूचा ठेवला होता हे कळल्याशिवाय दुसऱ्यांदा चीर देणं म्हणजे अंधारात कात्री चालवणं.

बाकीचे आजार लवकर सांगून टाकते, कारण त्यातले बहुतेक सुधारता येतात. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सातच्या आसपास आली पाहिजे. रक्तदाब आणि थायरॉईड आटोक्यात हवा. हिमोग्लोबिन मी ११ च्या वर मागते, आणि आपल्याकडे याच पायरीवर सगळ्यात जास्त जणी अडकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना पंडुरोग आढळला. लोहाच्या गोळ्या, पाळी फार जात असेल तर तिचा उपचार, आणि दोन-तीन महिन्यांत काम होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲस्पिरिन, संधिवातासाठीची औषधं, स्टेरॉईड, गर्भनिरोधक गोळ्या, इतकंच काय व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल आणि कोणी दिलेला काढा, सगळं लिहून आणा. मनाने एकही बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी सुरू केलं त्यांना विचारून ठरवू. पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. स्तनाखालच्या घडीत उन्हाळ्यात जी लाल, खाजरी चट्ट्याची बुरशी होते, ती पूर्ण बरी झाल्याशिवाय तिथे चीर द्यायची नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्यांना तर मी एप्रिल-मे टाळायलाच सांगते. घामात पट्ट्या टिकत नाहीत.

वजनदार स्तनांमुळे मान-खांदे दुखत असतील, ब्राच्या पट्ट्यांचे खांद्यावर खड्डे पडले असतील, तर लिफ्ट ही चुकीची शस्त्रक्रिया आहे. तिथे स्तन लहान करायला हवेत. उलटही असतं. मी रुग्णाला आरशासमोर उभं करते आणि स्तनाखालच्या घडीची पातळी मार्करने दाखवते. मॉन्ट्रियलच्या पोल रेन्यो या सर्जनबाईंनी १९७६ मध्ये ओघळाच्या पायऱ्या याच घडीवरून मांडल्या आणि आजही आम्ही त्याच वापरतो. स्तनाग्र घडीच्या पातळीवर असेल तर सौम्य, खाली असेल तर मध्यम, आणि सगळ्यात खालच्या टोकाला जमिनीकडे वळलं असेल तर तीव्र. स्तनाग्र घडीच्या वरच असेल आणि फक्त वरचा भाग रिकामा वाटत असेल, तर तो आकारमानाचा प्रश्न आहे, लिफ्टचा नाही. मग मी म्हणते, ‘तळहाताने स्तन उचलून धरा आणि बघा. असंच हवंय का?’ कोणी म्हणतं, ‘हो, अस्सं.’ कोणी म्हणतं, ‘पण वर भरलेलं दिसत नाहीये.’ त्या दुसरीला लिफ्टने समाधान मिळणार नाही, आणि हे तिला आधीच कळलं पाहिजे.

व्रणांचंही तसंच. स्तनाग्राभोवती गोल, तिथून खाली घडीपर्यंत उभा आणि ओघळ जास्त असेल तर घडीतून आडवा, असे व्रण राहतात. वर्ष-दीड वर्षात ते फिके होतात, पुसले जात नाहीत. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत ते आधी गडद होतात. ज्यांच्या अंगाला केलॉइडची खोड आहे, म्हणजे व्रण फुगून जखमेच्या बाहेर पसरतो, त्यांनी फार विचार करावा. मी कानाच्या पाळ्या बघते आणि डाव्या दंडावरची बीसीजीची खूण बघते. ती खूण फुगलेली, चकाकणारी, खाजणारी असेल तर छातीवर काय होईल याचा अंदाज येतो. ‘व्रण दिसले नाही पाहिजेत’ एवढी एकच अट घेऊन आलेल्या बाईला मी शस्त्रक्रिया करू नका असंच सांगते. आज ओघळ दिसतो म्हणून ती दुःखी आहे, उद्या व्रण दिसतो म्हणून होईल.

सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आई येते तेव्हा मी मुलीशी एकटीने बोलते, तपासते आणि बहुतेक वेळा दोघींना परत पाठवते. वाढ पूर्ण झालेली नसते. अठरानंतर, आकार वर्ष-दोन वर्षं स्थिर राहिल्यावर बघू.

एकटीने बोलणं सगळ्यांशीच लागतं. प्रश्न बाईला विचारला आणि उत्तर नवऱ्याने दिलं, असं दोनदा झालं की मी त्यांना बाहेर बसायला सांगते. एकीने दार लागल्यावर हळू आवाजात सांगितलं, ‘मला काही नको होतं, हे म्हणतात म्हणून.’ तिची शस्त्रक्रिया मी केली नाही. संसार ताणलेला असताना, घटस्फोट चालू असताना, घरात नुकतंच कोणी गेलेलं असताना हा निर्णय घेऊ नये. तो बाईचा स्वतःचा, शांत मनाने घेतलेला असावा.

म्हणूनच तुमचं ‘आरशासमोर उभं राहवत नाही’ हे वाक्य मी सोडून देणार नाही. ओघळलेल्या स्तनांचं वाईट वाटणं खरं असतं, त्याला कोणी हसू नये. पण बाळ ११ महिन्यांचं, रात्रीची झोप मोडलेली, आणि त्यात रडू येणं, कशातच मन न लागणं, बाळाजवळही कोरडं वाटणं असं काही असेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर चांगले उपचार आहेत आणि पाजत असतानाही घेता येतात. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, किंवा सरकारच्या टेली-मानसच्या १४४१६ क्रमांकावर बोला, मराठीतून बोलता येतं. तो उपचार लिफ्टच्या आधी व्हायला हवा.

घरचंही बघायला हवं. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर दोन-तीन किलोंहून जड काही उचलायचं नाही, हात डोक्यावर न्यायचे नाहीत, तीन-चार आठवडे स्कूटर नाही. तुमचं बाळ नऊ-दहा किलोंचं असेल. ते रडत हात वर करेल आणि तुम्हाला उचलता येणार नाही. पाण्याची कळशी, कणकेची परात, भाकरी थापणं, माळ्यावरचा डबा, सगळं दुसऱ्याने करायला हवं. करणारं कोणी नसेल तर बाई आठव्या दिवशी कामाला लागते आणि उभा-आडवा व्रण मिळतो त्या कोपऱ्यावर टाके उघडतात. बाळ चालायला लागून स्वतः मांडीवर चढेल, तेव्हा तुमचं हे सगळं सोपं होईल.

पैशाबद्दलही स्पष्ट सांगते. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा पैसे देत नाही, वर जीएसटीही लागतो. त्यासाठी दागिने गहाण टाकावे लागणार असतील किंवा ‘आज बुक केलं तर सूट’ असं कोणी म्हणत असेल, तर ते थांबायचं कारण समजा. करणारा डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतला एमसीएच किंवा डीएनबी आहे का, हे विचारायला लाजू नका.

लग्नाचं म्हणाल, तर समजा मी उद्या शस्त्रक्रिया केली, तरी फेब्रुवारीत सूज पूर्ण उतरलेली नसेल, व्रण लाल असतील, आणि तुम्ही घट्ट सर्जिकल ब्रा घालून मांडवात बसाल. त्याऐवजी मापाची, खालून आधार देणारी चांगली ब्रा घ्या. पाजणाऱ्या बायका जुन्या मापाचीच वापरत राहतात. शिंप्याला ब्लाउजमध्ये कप शिवायला सांगा आणि बाळ कडेवर घेऊन लग्नात मिरवा.

त्यानंतर एक साधी वही करा. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी, उपाशी पोटी वजन लिहा. बाळाचं दूध ज्या दिवशी पूर्ण सुटलं ती तारीख लिहा. त्याच सुमारास हिमोग्लोबिन तपासा, कमी असेल तर गोळ्या सुरू करा. दूध सुटून तीन महिने झाले की सोनोग्राफी करा. सहा महिने पूर्ण झाले, वजनाचे सलग सहा आकडे दोन-तीन किलोंच्या आत आले आणि तेव्हाही मनात असेल, तर वही आणि रिपोर्ट घेऊन या. आरशासमोर उभ्या राहून आपण मार्करने माप घेऊ. ओघळ कधी कधी दूध सुटल्यावर थोडा आपसूकही आवरतो. कदाचित तेव्हा कमी व्रणांत भागेल.